कॅप्टनच्या रागाची तपासणी

कॅप्टन दारात आला की घरातलं बोलणं नळ बंद करावा तसं थांबायचं. एकदम नाही, शेवटचे एकदोन थेंब पडायचेच. बायको म्हणायची, काय बाई ऊन वाढलंय. लेक म्हणायची, हो ना. आणि बायकोचा थोरला भाऊ, जो हल्ली उठसूट यांच्याकडे पडीक असायचा, तो खुर्चीतून उठत चपला शोधायला लागायचा. उन्हाविषयी तीन माणसं दार लोटून बोलत बसत नाहीत, एवढं कळायला काही सैन्यात जावं लागत नाही. कॅप्टन तर उमेदीची सगळी वर्षं सैन्यात काढून आला होता.

खरा कॅप्टन तो नव्हता. सैन्यात तो ट्रक चालवायचा, रसदीच्या ताफ्यात. परत आल्यावर शहराच्या बस डेपोत ब्रेकच्या कामावर लागला आणि तिथल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं, कारण साधा पाना मागायचा तरी तो हुकूम सोडल्यासारखा मागायचा. नाव चिकटलं. मेहुणाही चेष्टेने तेच म्हणायला लागला. कॅप्टनला ते आवडायचं नाही, पण त्याने तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मुळात आपण रागीट नाही असं त्याचं स्वतःविषयी ठाम मत होतं.

एकेकाळी होतो, हे तो कबूल करायचा. घरी परतल्यावरचा सुरुवातीचा काळ वाईटच गेला होता. ताटं भिंतीवर गेली होती. एक दार बिजागरीतून निखळलं होतं. त्या वेळी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, लढाई संपली तरी तुमचं शरीर अजून लढाईतच आहे, असं पुष्कळ सैनिकांचं होतं, या आजाराला औषध आहे. गोळ्या दिल्या. हळूहळू झोप लागायला लागली. आणि आता कितीतरी दिवसांत कॅप्टनचा आवाज घरात चढला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता. म्हणून तर हे कुजबुजणं त्याला जास्त झोंबायचं. माणूस सुधारला तरी घर त्याच्या पाठीमागे काहीतरी शिजवतंय, म्हणजे काय समजायचं?

खुणा तर जागोजागी होत्या. लेक दर रविवारी सकाळी लायब्ररीत जायची आणि येताना तिच्या हातात पुस्तक नसायचं. बायको फोन पालथा ठेवायची. दाराची घंटा कधीची बिघडली होती आणि ती दुरुस्त करायचं कोणी नाव काढत नव्हतं, त्यानेच एकदा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तर बायको म्हणाली, राहू द्या हो, आपल्याकडे येतंय कोण. या सगळ्याच्या मागे मेहुणा आहे याविषयी कॅप्टनची खात्री होती. तोंडात तीळ न भिजणारा माणूस एकाएकी गप्प राहायला शिकतो, तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी मोठं असतं.

अशात डेपोत ते प्रकरण झालं. स्टोअरकीपरने एका बससाठी चुकीच्या मापाचे ब्रेक लायनर काढून दिले. कॅप्टन खिडकीशी गेला आणि त्याने ते बदलून मागितले. स्टोअरकीपर म्हणाला, एवढं काय मरत नाही कोणी. पुढे काय झालं याच्या दोन हकिकती होत्या. कॅप्टनच्या म्हणण्याप्रमाणे त्याने खिडकीतून हात घालून स्टोअरकीपरची कॉलर नीट केली. बाकी सगळ्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या कॉलरला धरून स्टोअरकीपरचं निम्मं धड खिडकीबाहेर आलं होतं.

सुपरवायझर मवाळ माणूस होता. त्याने कॅप्टनला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की तक्रार वर जाणार नाही, पण माजी सैनिकांच्या उपचार केंद्रात जाऊन रागाची तपासणी करून घ्यावी लागेल. तिथून कागद येईपर्यंत बस रस्त्यावर काढून ट्रायल घ्यायची नाही, फक्त वर्कशॉपमध्ये काम करायचं.

"रागाची तपासणी?" कॅप्टन म्हणाला. "रक्त काढून बघतात का?"

सुपरवायझर हसला नाही. तेव्हाच कॅप्टनच्या मनात पाल चुकचुकली. याच्या कानाशी कोणीतरी आधीच लागलंय. आणि संध्याकाळी घरी ही बातमी सांगितल्यावर बायको "अगं बाई, हो का" म्हणाली, ते त्याला इतकं ठरवून म्हटल्यासारखं वाटलं की कानाशी लागणारा कोण हेही त्याने मनोमन ठरवून टाकलं.

उपचार केंद्र एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. मानसतज्ज्ञ बाई ठेंगण्या, उतारवयाकडे झुकलेल्या, सर्दीने बेजार. त्यांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. कॅप्टन दाराकडे तोंड करून, भिंतीला पाठ लागेल अशा खुर्चीत बसला. समोरच्या भिंतीवर घड्याळ काढून घेतल्याचा गोल डाग होता आणि मधोमध खिळा. घड्याळ का काढलं असेल? खिळा जरा जास्तच काळा आहे का? कॅमेरे हल्ली मुगाएवढे असतात म्हणे.

बाईंच्या ते लक्षात आलं. "घड्याळाचा सेल संपलाय, बदलायला दिलंय," त्या म्हणाल्या. "हवं तर खिळा उपटून बघा."

कॅप्टन म्हणाला, त्याची काही गरज नाही. पण मनात नोंद केली, बाई हुशार आहे, बेताने घ्यायला हवं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. गेल्या महिन्याभरात राग किती वेळा आला. आला तर किती जोराचा. आल्यावर किती वेळ टिकतो, मिनिटात जातो की दिवसभर पोटात राहतो. रागात हात उठतो का, वस्तू फेकल्या जातात का. आणि त्यापायी कामावर किंवा घरच्या माणसांशी बिनसतं का. प्रत्येकाला शून्य ते चार यातला एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही.

कॅप्टनने पाचही प्रश्नांना शून्य सांगितलं. शत्रूच्या हाती सापडलो तर काय सांगायचं हे सैन्यात शिकवलेलं असतं, ते इथे उपयोगी पडलं. बाईंनी नाक पुसलं आणि त्या कागदाकडे पाहत राहिल्या.

"आज सकाळी आमच्या इमारतीत पाणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी स्वतःला हे प्रश्न विचारले असते तर माझी बेरीज सहासात तरी झाली असती. तुमची शून्य. स्टोअरकीपरची कॉलर धरूनही शून्य."

"नीट केली," कॅप्टन म्हणाला. "धरली नाही."

"बरं. नीट केली."

त्यांना आपला संशय आलाय हे कॅप्टनला कळलं, आणि त्यालाही त्यांचा आलाय हे त्यांना कळलं. एका खोलीत दोन पहारेकरी समोरासमोर बसावेत तसा तो उरलेला वेळ गेला. शेवटी बाईंनी सांगितलं की पुढच्या खेपेला घरच्या कोणालातरी घेऊन या. स्वतःचा राग स्वतःला नेहमी दिसतोच असं नाही. तसं तर स्वतःचं घोरणंही स्वतःला ऐकू येत नाही.

कॅप्टन बायकोला घेऊन गेला. वाटेत तो तिच्याशी बोलला नाही. म्हटलं बघू, ही काय काय ओकते. डेपोत ज्यांनी कळवलं ते इथेही कळवतील, हाताच्या काकणाला आरसा कशाला.

पण झालं भलतंच. बाईंनी तेच पाच प्रश्न बायकोला विचारले आणि तिनेही पाचही वेळा नाही म्हटलं. "नाही हो, आता अगदी शांत असतात. नाही, हात तर मुळीच नाही. घरात काही त्रास नाही, कामाला जातात, येतात." आवाज गोड, उत्तरं पाठ केल्यासारखी. कॅप्टनला आधी बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक उत्तराआधी बायको एक क्षणभर कुठेतरी पाहते. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, बाईंकडे नाही. ती त्याच्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे पाहत होती. ती नजर त्याला चांगली ओळखीची होती. ताफा थांबला की तो स्वतः असाच रस्त्याकडेच्या माणसांच्या हातांकडे पाहायचा.

ही खोटं बोलतेय, त्याला वाटलं. पण माझ्या बाजूने का बोलतेय?

बाईंनी त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बाक होता, पण कॅप्टन बाकावर न बसता पाण्याच्या मशीनशी उभा राहिला, कारण मशीन दाराला लागून होतं. पाणी प्यायला कोणी बंदी केलेली नव्हती. आत बराच वेळ बाईंचाच आवाज हलका हलका येत होता. मग बायकोचा. "...दर रविवारी दादा घेऊन जातो तिला. यांना कळलं तर..." आणि नेमकी त्याच वेळी कोणीतरी खडखडणारी ढकलगाडी जिन्याशी आणली, पुढचं काही ऐकू आलं नाही.

पेला त्याच्या हातात तसाच राहिला. म्हणजे रविवार. म्हणजे लायब्ररी. मेहुणा आपल्या लेकीला दर रविवारी कुठेतरी नेतो, आईला ठाऊक आहे, आणि बापाला कळलं तर.

पुढचे दिवस कॅप्टनने दात-ओठ न खाता काढले. बायकोशी तो इतका नीट वागला की ती जास्तच दबकून राहिली. डोक्यात मात्र चक्र सुरू होतं. मेहुण्याने परस्पर कोणी मुलगा बघून ठेवलाय. किंवा लेकीनेच बघितलाय आणि मामा मध्यस्थ झालाय. किंवा तिला कुठे लांब शिकायला पाठवायचा घाट आहे, बापापासून दूर. प्रत्येक शक्यतेत मेहुण्याचा चेहरा होता, आणि तो चेहरा हसत होता.

रविवारी लेक म्हणाली, बाबा, लायब्ररीत जाऊन येते. तो म्हणाला, जा. ती कोपऱ्यावर वळली तसा त्याने हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि स्कूटर काढली. मेहुण्याची करड्या रंगाची गाडी औषधांच्या दुकानापाशी उभी होती. लेक मामाच्या शेजारी बसली. कॅप्टन मध्ये दोन वाहनं ठेवून मागे राहिला. कोणाच्या मागावर राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर कितीतरी महिन्यांनी त्याला अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं.

शहर संपता संपता एक बंद पडलेली सूतगिरणी होती. गाडी तिच्या आवारात शिरली. कॅप्टनने स्कूटर बाहेर लावली आणि थोडा वेळ थांबून मोडक्या फाटकातून चालत आत गेला. आवार मोठं, उजाड, मध्ये सिमेंटचा पट्टा. गाडी पलीकडच्या टोकाला जाऊन वळली होती आणि आता त्याच्याच दिशेने येत होती. काचेवर ऊन पडलेलं, आत कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. गाडी हळू यायची, मध्येच आचका द्यायची, थांबायची, पुन्हा पुढे सरकायची.

लढाईच्या मुलखात नाक्यावर उभं राहणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत. वेगाने येणाऱ्या गाडीला घाबरू नका, तिला घाई असते. जी गाडी कचरत येते, थांबते, पुन्हा निघते, तिच्यावर नजर ठेवा, कारण तिच्यातल्या माणसाचं मन अजून तयार होत नसतं. कॅप्टनने अशी एक गाडी जवळून फुटताना पाहिली होती. त्याच्या पुढच्या ट्रकमधले दोघे त्या दिवशी गेले, आणि त्यांच्यासाठी आणलेला चहा संध्याकाळपर्यंत त्याच्याच किटलीत होता.

पुढचं त्याला सलग आठवत नाही. तो गाडीकडे धावला असणार. भानावर आला तेव्हा बाजूचा आरसा वायरीला लोंबकळत होता, त्याच्या बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं आणि कोणीतरी घसा फोडून ओरडत होतं. ओरडणारा तोच होता. काचेपलीकडे, चालकाच्या जागेवर, त्याची लेक होती.

ती किंचाळली नाही. तिने इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला, आणि आपल्या बाजूच्या दाराला हातही लावला नाही. मेहुणा आधीच पलीकडून उतरून दार धरून उभा होता. ती आसनावरून सरकत त्या बाजूने बाहेर पडली आणि गाडी मध्ये ठेवूनच, न धावता, फाटकाकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. फोन तिच्या हातात तयार होता. मग मेहुणा गाडीला वळसा घालून पुढे आला. दोन्ही हात छातीशी, तळवे उघडे. तो दोन हातांच्या अंतरावर थांबला आणि त्या अंतराच्या आत आला नाही.

"दाजी, मी आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आपण गिरणीच्या आवारात आहोत. आज रविवार आहे. कोणी काही करत नाहीये. मी इथेच उभा आहे."

दाजी तो कधीच म्हणत नसे. कोणाच्या मयतालाही कोटी केल्याशिवाय न राहणारा हा माणूस अक्षरन् अक्षर मोजून बोलत होता. कोणी अडखळलं नव्हतं, कोणी कोणाकडे पाहून आता काय असं विचारलं नव्हतं. कॅप्टनने जन्मभर कवायती केल्या होत्या. अचानक हल्ला झाला की कोण कुठे जाईल, कोण आड उभा राहील, कोण बोलेल, हे असं सुरळीत कधी होतं ते त्याला माहीत होतं. एकदा सांगून होत नाही. करून घ्यावं लागतं, पुन्हा पुन्हा.

"हे कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"गाडी? मीच. तिला हौस आहे, आणि तुम्ही तेव्हा..."

"गाडी नाही. हे. हात असे धरायचं. अंतर ठेवायचं."

मेहुण्याने भाचीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "धाकटीने," तो म्हणाला. धाकटी म्हणजे कॅप्टनची बायको. "ती घरात सगळ्यांकडून करून घेते. तुम्ही कामावर असता तेव्हा."

कॅप्टन स्कूटर तिथेच टाकून पायी घरी आला. बायकोला फोनवर कळलेलंच होतं. तिने पाणी, कापूस आणि औषध टेबलावर मांडून ठेवलं होतं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याने आपल्या हाताने जखम पुसली आणि म्हणाला, सगळं सांग. तिने सांगितलं, उभ्यानेच. घंटा बिघडलेली नव्हती, तिनेच तार काढून ठेवली होती, कारण घंटा वाजली की तो दचकायचा आणि मग तासभर घर वेठीला धरलं जायचं. काचेची भांडी माळ्यावर गेली होती. लेकीच्या अंथरुणाखाली कपड्यांची एक पिशवी भरलेली असायची. शेजारच्या बाईंकडे जादा किल्ली होती. आणि कॅप्टन आला की काय बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. परीक्षेतले कमी मार्क, गळका नळ, मामाची गाडी, त्याच्या जुन्या पलटणीतल्या कोणाचा आलेला फोन. एकदा लेक म्हणाली होती, मला गाडी शिकायचीय, आणि त्याने तिच्या हातातली पेन्सिल घेऊन मोडली होती. काही न बोलता. ते त्याला आठवत नव्हतं.

"तुम्ही ओरडत नाही हे खरं आहे," बायको म्हणाली. "तुमचा जबडा हलायला लागला की आम्ही उठतो. म्हणून ओरडायची वेळ येत नाही."

"आणि मला वाटत होतं, मी बरा झालो."

कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतके दिवस हे सगळे मिळून आपल्याला लहान पोरासारखं फसवत आले, आपल्याच घरात आपल्याविरुद्ध मोर्चेबांधणी करून बसले. डेपोतही यांनीच सांगितलं असणार, त्या बाईंनाही. "म्हणजे मी घरात आलो की..." त्याने सुरुवात केली, आणि पाहतो तर बायको बाहेरच्या दाराशी होती. ती केव्हा हलली ते त्याला दिसलंही नव्हतं. त्याचा आवाज तर अजून नीट चढलाही नव्हता.

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात टेबलावर, तिला दिसतील असे ठेवले. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं की सुपरवायझरला कोणी सांगितलं. कोणीच नाही, ती म्हणाली, कॉलर सगळ्यांनी पाहिली होती. आणि त्या बाईंना आत काय सांगितलंस? तिने सांगितलं, फक्त गाडीचं, आणि विचारलं की यांना हे कसं सांगावं. बाकी तिथेही तिची जीभ रेटली नव्हती, कारण दाराखालच्या फटीतून तिला पाण्याच्या मशीनशी उभ्या असलेल्या माणसाचे बूट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आधी वेळ न ठरवता उपचार केंद्रात गेला आणि मानसतज्ज्ञ बाई मोकळ्या होईपर्यंत बाकावर बसून राहिला. आत गेल्यावर म्हणाला, ते शून्य खोडा, सगळीकडे चार लिहा.

बाईंनी त्याच्या बोटांच्या पट्टीकडे पाहिलं. "त्या दिवशी सगळे शून्य, आज सगळे चार," त्या म्हणाल्या. "माझा दोन्हींवर विश्वास नाही. एकेक घेऊ या."

त्याला वाटलं होतं, कबुली दिली की सुटलो. पण बाई सुटू देईनात. चार म्हणजे रोज का? रोज ओरडता? नाही. मग रोज काय होतं? जबडा हलतो, असं घरचे म्हणतात. तुम्हाला काय कळतं? त्याला विचार करावा लागला. खांदे वर जातात. कोण कुठे उभं आहे ते मोजलं जातं. कोणीतरी आपल्याविरुद्ध काहीतरी करतंय असं वाटतं. किती वेळ? दिवसभर, बहुतेक. बाई म्हणाल्या, मग याला तुम्ही काय नाव देता? कॅप्टन म्हणाला, सावधगिरी. बाईंनी मान हलवली आणि लिहिलं. हात उठतो का, यावर तो पेन्सिलीपाशी अडला. माणसावर नाही, वस्तूंवर, आठवत नाही असं दोनदा तरी. घरच्यांशी बिनसतं का, यावर त्याला कवायतीचं सांगायचं होतं, पण तो बोटांची पट्टीच नीट करत बसला. बाई नाक पुसत थांबून राहिल्या. मग त्याने सांगितलं, हात छातीशी, तळवे उघडे, दोन हातांचं अंतर. त्या आचके देत येणाऱ्या गाडीचंही सांगितलं, ती आणि आधीची, दोन्ही.

"मला वाटलं होतं तुम्ही लपवताय," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला खरंच दिसत नव्हतं. माझाही अंदाज चुकला."

कागद डेपोत गेला. राग आहे, लढाईच्या आजाराशी जोडलेला आहे, उपचार लागतील, रस्त्यावरच्या ट्रायल तूर्त नाहीत. कॅप्टनला ते लागलं. ब्रेक बसवायचे आपण आणि चालवून बघायचं दुसऱ्याने, म्हणजे भाजी करायची पण चाखायची नाही. त्याने स्टोअरकीपरची माफी मागितली. स्टोअरकीपरने ती खिडकीपासून हातभर मागे उभं राहून स्वीकारली. आठवड्यातून एकदा केंद्रात इतर माजी सैनिकांबरोबर बसायचं होतं. पहिल्या दिवशी कॅप्टनने पाहिलं, सगळ्यांनाच भिंतीकडची खुर्ची हवी होती. त्यातला एकजण फार लिहून घेतो असा त्याला संशय आला, तसं त्याने उघड बोलून दाखवलं, आणि कळलं की तो शब्दकोडं सोडवत असतो.

मेहुण्याचा आरसा त्याने स्वतः बसवून दिला. मेहुणा आभार मानून म्हणाला, दुसऱ्या बाजूचाही जुनाच आहे, पुढच्या वेळी तिकडून या. कॅप्टनचा जबडा हलला. मेहुण्याने हात छातीशी नेले. मग दोघेही हसले, पण मेहुण्याने हात लगेच खाली घेतले नाहीत.

घर काही एका रात्रीत बदललं नाही. काचेची भांडी माळ्यावरच राहिली. बायको आता एखादी गोष्ट त्याच्या तोंडावर सांगून बघायची, आधी लहान, मग जरा मोठी. कधी तो ऐकून घ्यायचा. कधी उठून गॅलरीत जायचा आणि कठडा धरून उभा राहायचा. एकदा त्याने कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की लेक पिशवी घेऊन शेजारी गेली आणि सकाळीच परतली. त्या आठवड्यात बाईंनी विचारल्यावर त्याने तीन सांगितले, आणि कोणी न विचारता पिशवीचंही सांगितलं.

लेकीची गाडीची परीक्षा कधी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. एका दुपारी ती आली आणि उंबरठ्यातच उभी राहिली, पायातल्या चपला न काढता.

"बाबा, आज परीक्षा होती," ती म्हणाली. "नापास झाले."

कॅप्टनचे खांदे वर गेले. ते गेलेले त्याला कळले. "कोण होता परीक्षक?" त्याने विचारलं. "मुद्दाम केलं असणार. ही माणसं पोरींना पहिल्या खेपेला पास करतच नाहीत. नाव काय त्याचं?"

"मी लाल सिग्नल तोडला, बाबा."

त्याच्या मनातला परीक्षक अजून हटायला तयार नव्हता. तो उठला, गॅलरीत गेला आणि खालच्या रस्त्यावरची वाहनं बघत उभा राहिला. खूप वेळाने आत आला तेव्हा लेक तिथेच होती, फक्त चौकटीला टेकली होती.

"कुठला सिग्नल?" त्याने विचारलं.

"टपाल कार्यालयापाशी. झाडाच्या फांदीमागे असतो तो."

"तो मलाही दिसत नाही," कॅप्टन म्हणाला.

लेक म्हणाली की पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे, तारीख ती सांगेल. मग म्हणाली, "तुम्ही येऊ नका हं तिथे."

का, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"बरं," तो म्हणाला.